तबला: वर्ष होत आलं तरी एकच कायदा, धीर किती धरायचा?

डोंबिवली_लोकल

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. वय 38, बँकेत नोकरी. लहानपणी तबला शिकायचा होता पण घरच्यांनी पेटीच्या क्लासला घातलं आणि ती पण दहावीत सुटली. आता मुलगा मोठा झालाय, संध्याकाळचा थोडा वेळ माझा असतो, म्हणून गेल्या गणपतीनंतर तबल्याचा क्लास लावला. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी.

सुरुवातीला बरेच दिवस सरांनी नुसतं ना, तिं, घे, क एवढंच वाजवून घेतलं. मग तीनताल, दादरा, केरवा यांचे ठेके, म्हणजे तालाचे मूळ बोल. आणि संक्रांतीपासून एकच कायदा (म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, जिचे पुढे प्रकार करत जायचे) चालू आहे, तो सगळ्यांना माहीत असलेला दिल्लीचा, धा धा तिट धा धा तूना, ता ता तिट धा धा धीना. पलटे, म्हणजे त्याच बोलांची उलटापालट, दिलेत चार पण ते पण त्याच लयीत. मी जरा स्पीड वाढवली की सर हात वर करतात, "परत, बरोबरीत." म्हणजे मात्रेला (तालाच्या एका ठोक्याला) एकच बोल.

माझ्याच बॅचला सहावी सातवीतली मुलं आहेत, ती माझ्यानंतर आली आणि आता नोव्हेंबरच्या परीक्षेची तयारी करतायत, त्यांचा दुसरा कायदा पण झाला, एक तर रेला (सलग वेगात वाजणारे बोल) वाजवतो. यूट्यूबवर बघावं तर पंधरा मिनिटांत तिरकिट शिका, वगैरे. मुलांचा हेवा नाही वाटत, खरंच नाही. पण घरी बसल्यावर असं वाटतं की आपण एकाच जागी उभ्या आहोत.

प्रॉब्लेम दोन आहेत. एक, माझा ना वाजतच नाही, म्हणजे आवाज येतो पण ठक्क असा बंद येतो, सरांचा कसा घुमतो तसा नाही. आणि घरी तर क्लासपेक्षा पण वाईट. दुसरं, दुप्पट (तेवढ्याच वेळात दोन बोल) केली की तिट फुटतं, ति आणि ट एकमेकांवर चढतात.

सर चांगले आहेत, चिडत नाहीत, एवढंच म्हणतात की धीर धरा, हात बसेल. पण किती धरायचा? या वयात हात बसतो का? की क्लास बदलून बघू? ज्यांनी मोठेपणी कुठलंही वाद्य शिकलंय त्यांनी प्लीज खरं खरं सांगा.

मध्यलय

ताई, मी पुण्यात साथ करतो आणि घरी थोडे विद्यार्थी आहेत, त्यात चाळिशीच्या पुढचे पण आहेत. हात बसतो. लहान मुलांचा लवकर बसतो हे खरंय, पण मोठ्या माणसाचा कान आधी तयार होतो आणि तुमचं नेमकं तेच झालंय, म्हणून त्रास होतोय. तुम्हाला तुमचा ना बंद येतोय हे ऐकू येतंय, बॅचमधल्या निम्म्या मुलांना स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही अजून. तुम्ही एका जागी उभ्या नाही आहात.

आता ना बद्दल. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकते आणि तर्जनी चाटेवर (काठाच्या चामड्याच्या पट्टीवर) पडते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण अनामिका *टेकते* आणि *दाबते* यात सगळा खेळ आहे. तिचा फक्त स्पर्श पाहिजे. त्या स्पर्शाने पुडीचा (तबल्याच्या तोंडावरच्या चामड्याचा) जो खालचा जाडा आवाज असतो तो अडतो आणि वरचा स्वच्छ सूर मोकळा होतो. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच यावर लिहिलंय, शाईमुळे तबल्या-मृदंगाच्या आवाजातले वरचे सूर मूळ सुराशी मेळात येतात, साध्या ढोलाचे येत नाहीत, म्हणून आपली ही वाद्यं सुरात लागतात. अनामिका दाबली की ते वरचे सूर पण मरतात आणि उरतो ठक्क. आणि तर्जनी पडल्यावर तिथेच राहिली तरी ठक्कच. ती पडून लगेच सुटली पाहिजे, पण उचलून नाही, सुटली पाहिजे. हे मनगट सैल असल्याशिवाय होत नाही आणि मनगट सैल पडायला वेळच लागतो, त्याला दुसरं औषध नाही.

असं करून बघा, तर्जनी बाजूला ठेवा. नुसती अनामिका शाईच्या कडेला टेकवा आणि डाव्या हाताच्या बोटाने चाटेवर हलकं टिचकी मारा. आवाज खुला आला तर अनामिकेचं वजन बरोबर आहे. बंद आला तर वजन कमी करत करत जा, जिथे खुला होतो तिथे थांबा, ती जागा हाताला दाखवून ठेवा. मग उजवी तर्जनी आणा.

तिट फुटतंय ते दुप्पटीमुळे नाही, बरोबरीतच फुटत असणार, फक्त तिथे तुम्हाला वेळ मिळतो म्हणून झाकलं जातं. लेहरा (तालाबरोबर सतत वाजणारी धून) 60 वर लावा म्हणजे सेकंदाला एक मात्रा, आणि नुसतं ति ट ति ट वाजवा, ट नंतर हात किती वर जातोय ते बघा. बहुतेक ट नंतर तुमचा हात उडत असेल, मग ति ला खाली यायला लांबून यावं लागतं. दुप्पटीत त्याला वेळच नाही. जोपर्यंत हात पुडीच्या जवळ राहत नाही तोपर्यंत सर लय वाढवू देणार नाहीत आणि मी पण दिली नसती.

आणि हा कायदा का सोडत नाहीत ते पण सांगतो. पहिल्या आठ मात्रांत डग्गा (डाव्या हाताचा मोठा) बोलतो, मग ता ता तिट ला तो गप्प, आणि तेराव्या मात्रेला धा धा धीना म्हणत परत येतो. डावा हात गप्प असताना उजव्याचं वजन बदलतं का, लय पुढे पळते का, हे सगळं त्या चार मात्रांत, म्हणजे खालीत, उघडं पडतं. तुमच्या सरांना तिथे काहीतरी ऐकू येतंय. त्यांना सरळ विचारा, "सर, खालीत माझं काय चुकतंय?" असं नेमकं विचारलं की शिकवणाऱ्याला आनंद होतो हो.

एक अजून, थिरकवाँ खाँसाहेबांची एकल वादनाची रेकॉर्डिंग्ज ऐका. तबलावादक अहमदजान थिरकवाँ, 1892 ते 1976, आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला होते. द्रुत सोडा, त्यांचं सुरुवातीचं, पेशकार (एकल वादनाची संथ सुरुवात) आणि मध्यलयीतले कायदे ऐका. एकेक धा कसा ठेवलाय! ते ऐकल्यावर बरोबरीची लय म्हणजे शिक्षा वाटणार नाही.

फिजिओ_ठाणे

वरचं सगळं पटलं, मी त्यात शरीराच्या बाजूचं थोडं घालते, कारण वाजवणारे बरेच पेशंट येतात आणि त्यातले अर्धे "चिकाटी" म्हणून दुखणं अंगावर काढून आलेले असतात.

ताई, एक करून बघा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडून तळव्याखाली घ्या आणि आता अनामिका वर उचला. नाही उचलत ना? माझी पण नाही उचलत, कुणाचीच धड उचलत नाही. बोटं सरळ करणाऱ्या ज्या कंडरा आहेत त्या हाताच्या पाठीवर एकमेकींना पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, आणि अनामिका त्यात सगळ्यात जास्त बांधलेली. आणि तबल्यात नेमकं तिलाच सांगायचं की तू नुसती टेकून राहा, तर्जनीने काहीही केलं तरी तू दाबू नकोस. हे मेंदूला नव्याने शिकायला लागतं, आणि त्याला महिने लागणं अगदी नॉर्मल आहे. वय 38 असो नाहीतर 12, शिकतो मेंदू, फक्त रिपीट पाहिजे आणि मध्ये झोप पाहिजे. दिवसा शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते, म्हणून रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस पंचवीस मिनिटं कधीही चांगली.

दुसरं म्हणजे स्नायू लवकर तयार होतात, कंडरा हळू, त्यांना रक्तपुरवठा कमी असतो. म्हणजे होतं काय, हातात जोर आल्यासारखं वाटतं, माणूस लय वाढवतो, आणि कंडरा अजून तयार नसते. मग मनगटाच्या बाहेरच्या बाजूला किंवा कोपराला दुखायला लागतं. सर लय वाढवू देत नाहीत हे तुमच्या हातासाठी पण बरंच आहे.

आणि हे मी ठासून सांगते की थकवा चालेल, दुखणं चालणार नाही. वाजवताना दुखलं तर थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पण दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर दाखवून घ्यायचं. मांडी घालून बसवत नसेल तर खाली उशी घ्या, पाय बधिर करून रियाज होत नाही. बँकेत दिवसभर कीबोर्डवर असता, तर घरी आल्या आल्या लगेच बसू नका, खांदे मोकळे करा, हात गरम पाण्यात धरा दोन मिनिटं.

कृष्णाकाठ

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नये. धीर धरा हे वाक्य चांगल्या गुरूच्या तोंडी पण असतं आणि ज्याला शिकवायचंच नाही त्याच्या तोंडी पण असतं. आमच्या मुलाला साताऱ्यात एका क्लासला घातला होता, नाव नको. वीस पोरं एका खोलीत, सर मोबाईलवर, पोरं तोच ठेका बडवतायत, विचारलं की उत्तर एकच, धीर धरा. दोन वर्षांनी पोराने तबलाच सोडला आणि आता त्याला हात लाव म्हटलं तरी लावत नाही. त्याच्यात धीर भरपूर होता हो, पण तो सगळा वाया गेला.

त्यामुळे ताई, आधी बघा की तुमचे सर ऐकतात का. तुम्ही वाजवताना त्यांचं लक्ष तुमच्या हाताकडे आहे का. प्रत्येक वेळी एकच चूक सांगतात की सुधारली की पुढची सांगतात. स्वतः वाजवून दाखवतात का. हे असेल तर एका कायद्यावर दोन वर्षं गेली तरी चालतील. हे नसेल तर सहा महिने पण जास्त.

आणि मला अजून एक वाटतं, मोठ्या माणसाने नुसत्या कायद्यावर राहू नये. तुम्हाला केरवा दादरा येतो म्हणताय ना? मग कुणाबरोबर तरी वाजवा. तुमच्याकडे भजनी मंडळ असेलच. आमच्याकडे एकादशीला भजन असतं, तिथे पखवाजवाले बुवा आहेत, पण गवळणीला, अभंगाला कधी कधी तबला पण चालतो. पहिल्यांदा मागे बसून नुसता ठेका धरा. गाणारा माणूस श्वास कुठे घेतो, ओळ कुठे संपते, टाळ कसे पडतात, हे क्लासमध्ये कळत नाही. आणि एकदा दहा माणसं तुमच्या ठेक्यावर गायली की घरी येऊन तिट घासायला कंटाळा येत नाही. मुलांना परीक्षा असते, सर्टिफिकेट असतं, मोठ्यांना काय असतं? काहीतरी पाहिजे ना माणसाला.

मध्यलय

कृष्णाकाठ, राग कशाला, बरोबर बोललात. फक्त एक, भजनात बसा पण सरांना सांगून बसा. सुरुवातीला मोठ्याने वाजवायच्या नादात हात कडक होतो, तिथे माइक असतो, टाळ असतात, आपला आवाज ऐकू येत नाही म्हणून माणूस जोरात मारतो आणि मग सहा महिन्यांची मेहनत एका रात्री मनगटातून जाते. हळू वाजवायची तयारी असेल तर बिनधास्त बसा.

डोंबिवली_लोकल

बापरे, इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार.

फिजिओ ताई, अनामिकेचं करून बघितलं आणि अवाक झाले, ऑफिसमध्ये चार जणींना करायला लावलं, कुणालाच जमलं नाही. हात दुखत नाही माझा, फक्त थकतो.

कृष्णाकाठ दादा, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण आमचे सर तसे नाहीत. बॅचमध्ये सहाच जण आहेत, ते समोर डग्गा घेऊन बसतात आणि आपण वाजवताना डाव्या हाताने बरोबर वाजवतात, कधी कधी नुसते डोळे मिटून ऐकतात. गेल्या महिन्यात म्हणाले होते, "तुमचा धा आता मला आवडायला लागलाय, ना अजून नाही." तेव्हा मला ते दोन्ही वेगळं ऐकू आलं नव्हतं, आता वाचून कळतंय की धा मध्ये डग्गा सोबत असतो म्हणून ना चा दोष झाकला जात असेल. क्लास बदलणार नाही, हे नक्की.

मध्यलय सर, डाव्या बोटाने टिचकी मारायचं करून बघितलं. क्लासमधल्या तबल्यावर खुला आवाज आला, म्हणजे येतो, मला जागा सापडली! पण घरच्या तबल्यावर अनामिका अगदी हवेत ठेवली तरी आवाज बसकाच येतो. घरचा तबला सेकंडहँड आहे, दिराच्या मित्राने दिला, त्याच्याकडे पडून होता. आणि आत्ता पाऊस चालू झाल्यापासून तर अजूनच मऊ लागतो. हा माझा हात की तबला?

मध्यलय

तबला! आणि हे आधी विचारायला पाहिजे होतं कुणीतरी, क्लासपेक्षा घरी वाईट वाजतो हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

चामडं दमट हवेत पाणी धरतं, सैल पडतं, सूर खाली येतो. डोंबिवली ठाण्याला जून ते सप्टेंबर हा त्रास सगळ्यांना होतो, चांगल्या तबल्याला पण. आणि पुडी जुनी असेल, चाट झिजली असेल, शाई कडेने सुटली असेल तर मग कितीही चढवा, ना बोलणार नाही. शाई जवळून बघा, तिच्यावर बारीक भेगा असतात त्या चालतात, असायलाच पाहिजेत, पण तुकडे निघत असतील किंवा वाजवताना आतून खरखर येत असेल तर पुडी गेली.

तबल्याच्या तोंडाचं माप पण घ्या. साधारण साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराच्या) आसपास बोलतो. तुमचा त्याच्यापेक्षा खूप खाली उतरलेला असेल तर तिथे तो उघडा वाजणारच नाही, आणि तुम्ही आवाज काढायला जोर लावत राहणार, बोट दाबत राहणार. म्हणजे क्लासमध्ये सर जी सवय घालवतायत ती तुम्ही घरी रोज परत लावून घेताय. त्यासाठी धीर धरू नका. तबला या रविवारी उचलून क्लासला न्या.

न्यूजर्सीकर

उशिरा लिहितोय, इकडे आत्ता सकाळ आहे. मी पण चाळिशीनंतरच चालू केलं, पुण्याच्या गुरुजींकडे, ऑनलाइन. आमचं उलटं असतं, हिवाळ्यात घरात हीटिंग चालू झालं की हवा इतकी कोरडी होते की पुडी ताणते, सूर चढतो, लक्ष नाही दिलं तर फाटते पण. मी वाजवून झालं की गजऱ्यावरून (पुडीच्या कडेच्या वेणीवरून) थोडा उतरवून, झाकून ठेवतो, खोलीत ह्युमिडिफायर लावतो.

ऑनलाइनला एक अडचण अशी की आवाज उशिरा पोचतो त्यामुळे गुरुजींबरोबर एकत्र वाजवताच येत नाही. म्हणून त्यांनी सांगितलं की आठवड्याचं रेकॉर्डिंग करून पाठव. सुरुवातीला मला ते ओझं वाटायचं. पण ती सगळी रेकॉर्डिंग्ज फोनमध्ये राहिली, आणि एकदा विमानतळावर बसलो असताना जुनं एक लावलं. तोच कायदा, तीच लय, पण खालीच्या चार मात्रांत मी चक्क पळत होतो आणि मला तेव्हा ते कळत पण नव्हतं. आत्ता कळलं म्हणजे कान कुठेतरी पुढे सरकला होता. ताई, तुम्ही आजच एक रेकॉर्ड करून ठेवा, फोन समोर नाही, जरा बाजूला ठेवून, नाहीतर डग्ग्याने सगळं फुटतं. तारीख टाका आणि दिवाळीपर्यंत ऐकू नका.

आणि पढंत करा. हाताने टाळी-खाली देत तोंडाने बोल म्हणायचे, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. तुमचा लोकलचा प्रवास असेल ना, तिथे मांडीवर बोटं टेकवून मनातल्या मनात होतं. मी ट्रेनमध्ये तेच करतो. तोंडात जे अडखळतं ते हातात पण अडखळतंच, तिथे तबला समोर नसतानाच सापडतं.

डोंबिवली_लोकल

रविवारी तबला घेऊन गेले. सरांनी एकदा बोट मारलं आणि म्हणाले, "हा कुठून आणलात?" पुडी पूर्ण गेलेली, शाई एका बाजूने सुटलीय. ते म्हणाले मला आधी का नाही दाखवलात, आणि मग त्यांनी स्वतःच फोन लावला, कल्याणला त्यांचे ओळखीचे कारागीर आहेत, पुडी बदलून देतील, या पावसात वाद्या (पुडी ताणणारे चामड्याचे पट्टे) पण ओढून घेऊ म्हणाले. तोपर्यंत त्यांच्याकडचा एक जुना तबला घरी न्यायला दिलाय. काल त्याच्यावर वीस मिनिटं नुसता ना केला. मध्ये मध्ये लागतो! सगळे नाही, पण लागतो तेव्हा मुलगा आतल्या खोलीतून ओरडतो, "हा बरोबर होता."

खालीत काय चुकतंय ते पण विचारलं. म्हणाले, ता ता ला तुमचा डावा हात डग्ग्यावरून उठून हवेत जातो, तो तिथेच शांत ठेवा. हे मला कधीच कळलं नसतं. कायदा तोच आहे अजून, लय पण तीच.

एक शेवटचं विचारते, नवीन पुडी आल्यावर सूर मी स्वतः लावायला शिकू का, की इतक्यात हातोडी घ्यायची नाही?

मध्यलय

शिका, पण पहिल्या वेळी सरांच्या समोर. सूर जास्त चढवायचा असेल तर गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) खाली, थोडा फरक असेल तर गजऱ्यावर वरून हलका ठोका म्हणजे सूर चढतो, खालून वर मारला की उतरतो. एकाच ठिकाणी मारत बसू नका, ठोका दिला की समोरच्या बाजूला जा, मग त्याच्या काटकोनात, आणि प्रत्येक वेळी त्या ठिकाणी चाटेवर बोट मारून ऐका. सगळीकडे एकच सूर आला पाहिजे. पहिल्यांदा अर्धा तास जाईल, जाऊ दे. हातोडी शाईपासून लांब. आणि नवीन पुडी पहिले काही दिवस सारखी उतरते, तेव्हा घाबरून कारागिराला फोन करू नका, ती बसतेय.